निर्भयरावांची जांभई

निर्भयराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. आईवडील त्यांना चांगले ओळखून होते. हे नाव त्यांना भयपट मंडळानं बहाल केलं, आणि त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की दुकानाची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरलाही ते सहज म्हणून सांगून पाहिलं. बायकोनं वेळीच डोळे वटारले म्हणून पाटी वाचली.

धंदा कवळ्या करण्याचा. दवाखान्यातून जबड्यांचे ठसे यायचे. त्यावरून निर्भयराव साचा करायचे, मेणात एकेक दात बसवायचे, पक्क्या केलेल्या कवळीच्या कडा घासून गुळगुळीत करायचे. हात मोठा सफाईदार होता. पण कवळीचं एक दुर्दैव असतं. ती उत्तम जमली तर ती कवळी आहे हेच कोणाला कळत नाही. शिंप्याच्या कोटाचं चारचौघांत कौतुक होतं, सुताराच्या कपाटावर पाहुणे हात फिरवतात. कवळी घातलेला माणूस मात्र रस्त्यात निर्भयराव दिसले की तोंड मिटून पलीकडच्या फुटपाथवर जातो. उभ्या जन्मात या माणसाला कोणी 'वा' म्हटलं नव्हतं. तेव्हा मंडळातल्या त्या खुर्चीवर त्यांचा इतका जीव का होता, हे समजून घ्यायला हरकत नाही.

मंडळ भरायचं बेकरीच्या माळ्यावर, महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी. पिठाची पोती एका कडेला सारायची, खिडकीवर काळं कापड ठोकायचं आणि पांढऱ्या भिंतीवर सिनेमा लावायचा. खाली भट्टी चालू असल्यामुळे प्रेतं उठायची तीसुद्धा ताज्या पावाच्या वासात. माळ्याला दार एकच, जिन्याकडचं. ते सिनेमाभर सताड उघडं ठेवायचं आणि त्याच्याकडे पाठ करून एक खुर्ची मांडायची, असा मंडळाचा रिवाज. बाकीचे सगळे भिंतीला पाठ लावून, एकमेकांना खेटून, बसायचे. अंधारात उघड्या दाराकडे पाठ करून भुताचा सिनेमा पाहणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच विचारावं. मागं कोणी नाही हे पक्कं ठाऊक असतं, तरी मान वळते.

ज्याची वळली, ज्यानं डोळे मिटले किंवा तोंडातून आवाज काढला, त्यानं त्या खुर्चीवरून उठायचं. आणि सिनेमा चालू असताना ज्यानं दिवा लावला त्याला पुन्हा कधी त्या खुर्चीचं नावच काढता येणार नव्हतं. असा दिवटा अजून निपजला नव्हता, पण नियम मात्र होता.

निर्भयराव त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं ठाण मांडून होते. नुसते बसून नव्हते. ऐन प्रसंगी, म्हणजे कपाटातून ते काय असेल ते बाहेर पडे आणि माळ्यावर किंकाळ्या उठत, तेव्हा निर्भयराव जांभई देत. चांगली लांबलचक, जबडा पुरता उघडून, शेवटी तोंडापुढे हात नेऊन. त्या जांभईची ख्याती बेकरीतून पाव नेणाऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचली होती.

आता खरं सांगून टाकायला हवं. निर्भयराव कमालीचे भित्रे होते. मोरीत झुरळ निघालं की ते बायकोला हाक मारायचे आणि दार बाहेरून ओढून घ्यायचे, झुरळ आणि बायको आत. संध्याकाळी दुकानातले स्वतःच केलेले जबडे फळीवर ओळीनं हसताना दिसले की त्यांच्यावर फडकं टाकायचे. मंडळात ते पहिल्यांदा गेले होते तेही बेकरीवाल्याची नवी कवळी पोचवायला. जागा एकच रिकामी होती, ती त्या खुर्चीची, आणि तिचा महिमा यांना ठाऊक नव्हता. त्यात सर्दीची गोळी घेतलेली. सिनेमातलं प्रेत उठून बसलं नेमकं तेव्हा यांना जांभई आली, डोळ्यांवर झापड असल्यामुळे प्रेत दिसलंच नाही, आणि दिवे लागले तेव्हा सगळा माळा टाळ्या वाजवत होता.

टाळ्या! कवळीवाल्याला! त्या दुपारी ते घरी आले ते तरंगतच, आणि रात्री त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय.

मार्ग काढला बायकोनं. मंडळाचा सिनेमा आधी ठरलेला असायचा. ती तो दुपारी घरात एकटीनं पाहून घ्यायची आणि जेवताना नवऱ्याला सगळा सांगायची. "पाळणा आपोआप हलायला लागला की सावध व्हा. मग ती बाई वाकून बघते, काही नसतं. तिनं हुश्श केलं, की मागून." निर्भयराव घास हातात धरून ऐकायचे. कोणत्या आवाजानंतर, किती वेळानं, कोणत्या बाजूनं, असं सगळं पाठ व्हायचं. जांभई ऐन वेळी यायला हवी तर ती थोडी आधी सुरू करावी लागते, हे त्यांनी आरशासमोर सराव करून शोधून काढलं होतं. एका भित्र्या माणसानं निर्भय होण्यासाठी एवढी मेहनत घ्यावी, याचंही खरं तर कौतुक व्हायला हवं होतं.

बायकोला भीती कशी ती ठाऊकच नाही, अशी त्यांची खात्री होती. ती सांगायचीच तशी, शेजारच्या घरातली भांडणं सांगावीत तशी. "इतकं मोठं घर घेतलं आणि तळघरात एक दिवा लावून घेता आला नाही मेल्यांना," म्हणायची. किंवा, "भूत बिचारं मूळचं त्याच घरातलं. हे कालचे भाडेकरू त्यालाच हाकलायला निघालेत."

आणि हेच निर्भयराव मंडळात स्वतःचं म्हणून खपवायचे. सिनेमा संपला की खालून चहा आणि गरम पाव यायचे आणि खरी जुंपायची. बेकरीवाल्याचं म्हणणं, सगळी करामत आवाजाची. आवाज बंद करा, निम्मी भुतं बेकार होतील. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई पुस्तकांच्या बाजूच्या. "सिनेमातलं भूत सगळ्यांना एकाच मापाचं," त्या म्हणायच्या. "पुस्तकातलं ज्याच्या त्याच्या मापानं शिवलेलं असतं. एक कथा तर मी अजूनही घरात उघडत नाही, बागेत बसून वाचते." भूत दाखवावं की दाखवूच नये, यावरून तर मंडळात उभी फूट पडली होती, दोन सभासद त्यापायी एकमेकांकडून मीठसुद्धा मागून घेत नसत. सगळ्यांचा दम निघाला की निर्भयराव चहाचा कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "भूत दिसलं की भीती संपली. पुढं नुसती पळापळ." माळा गप्प व्हायचा. बाई तर मान डोलावायच्या. निर्भयरावांचं स्वतःचं असं मत फक्त एकाच विषयावर असायचं, दातांवर. "असल्या सुळ्यांनी मान सोडा, पावसुद्धा तुटणार नाही. वरचा जबडा खालच्यावर बसतच नाहीये."

असं सगळं सुरळीत चाललं असताना मंडळात औषधवाली आली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. हुशार, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला भिंतीवरच्या भुतांपेक्षा खोलीतली माणसं बघायची सवय. दोन बैठका ती गप्प राहिली. तिसऱ्या बैठकीला चहा ओतता ओतता म्हणाली,

"निर्भयराव, तुमची जांभई भुताच्या आधी सुरू होते."

"सवय," निर्भयराव म्हणाले.

"सर्दीची सवय असते, खोकल्याची असते. पुढचं आधी कळायची कसली सवय? माणूस एकतर त्रिकालज्ञानी असेल, नाहीतर सिनेमा बघून आलेला."

सगळे हसले. औषधवालीही हसली आणि हसत हसतच तिनं सुचवलं, की पुढच्या वेळी सिनेमा तिनं आणायचा आणि नाव आधी कोणालाच सांगायचं नाही. सगळ्यांना कल्पना झकास वाटली. निर्भयरावांनाही ती झकास वाटल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं.

त्या दिवसापासून जेवणावरची वासना उडाली. कवळीवर चित्त ठरेना. एका गिऱ्हाइकाच्या खालच्या दातांत त्यांनी एक दात जास्तीचा बसवला आणि तो पुन्हा काढावा लागला. खुर्ची गेली तर आपण पुन्हा कोण? तोंड मिटून जाणाऱ्या माणसांचे कवळीवाले. बायकोनं हे चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी ताट पुढे सरकवत म्हणाली, "जेवा मुकाट्यानं. मी येते बरोबर."

"तू येऊन काय करणार? तूही पाहिलेला नसणार."

"इतके पाहिलेत मी. कुठं काय यायचंय ते मला आधीच कळतं आता. शेजारी बसते, यायच्या आधी मनगट दाबते. मग द्या काय ती जांभई."

निर्भयरावांना गहिवरून आलं. असली निडर बायको मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

रविवारी वहिनी आल्या म्हणून मंडळात उत्साह पसरला. बेकरीवाल्यानं स्टूल झटकून खुर्चीशेजारी ठेवलं. "दाराकडे पाठ चालेल ना वहिनी?" असं बाईंनी काळजीनं विचारलं. "मला काय होतंय," ती म्हणाली. औषधवालीनं भुवया तेवढ्या उंचावल्या. खिडकी झाकली गेली, दार उघडलं गेलं आणि सिनेमा सुरू झाला.

सुरुवात फर्मास झाली. एका मोठ्या जुन्या घरात एक म्हातारं जोडपं राहायला येतं. म्हातारी माळा झाडत असते. मनगट दाबलं गेलं. निर्भयरावांनी जबडा उघडला, आणि पेटीमागून मांजर उडी मारून आलं तेव्हा जांभई अशी रंगात होती की बेकरीवाला किंचाळता किंचाळता हसला. पुढे खिडकीच्या काचेत चेहरा आला. तिथंही मनगट, तिथंही जांभई. औषधवालीचं तोंड उतरलं. निर्भयराव खुर्चीत जरा रेलून बसले. आपणच उगाच घाबरलो, असं त्यांना वाटायला लागलं.

मग सिनेमा शांत झाला. मांजर नाही, चेहरे नाहीत. म्हातारी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारते, तो आतल्या खोलीतून म्हणतो "आलो", आणि येऊन जेवायला बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक, पुन्हा "आलो", पण यायला वेळ लावतो. मग हाक आणि "आलो", आणि म्हातारी वाट बघत बसते, जेवण निवतं. ती उठून बघायला जाते, खोलीत कोणी नसतं. आणि मागच्या खोलीतून आवाज येतो, "आलो."

मनगट दाबलं गेलं. निर्भयरावांनी शिस्तीत जांभई दिली. काहीच आलं नाही. म्हातारी दोन ताटं मांडत होती. मनगटावरची पकड सुटेना, तेव्हा येणारं काहीतरी फारच मोठं असणार, असा त्यांनी हिशोब केला आणि दुसरी जांभई दिली. मग तिसरी. भिंतीवर नुसती एक रिकामी खुर्ची होती आणि कुठूनतरी तो प्रेमळ आवाज येत होता. चौथ्या जांभईला जबड्यात कळ आली. एवढ्या जांभया कशाला, म्हणून बाईंनी काळजीनं त्यांच्याकडे पाहिलं.

काहीतरी चुकलं, म्हणून निर्भयरावांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवरून मान वळवली. मागं दाराकडे नव्हे, शेजारी. बायको भिंतीकडे बघत होती. तिची नखं त्यांच्या मनगटात रुतली होती आणि हात बर्फासारखा गार पडला होता. ती खूण करत नव्हती. ती थरथरत होती. तोंडातून आवाज फुटू नये म्हणून तिनं दुसऱ्या हातानं पदर तोंडात कोंबला होता, कारण आवाज फुटला असता तर नवऱ्याची खुर्ची गेली असती.

निर्भयराव उठले. अंधारात दोन सभासदांचे पाय तुडवत बटणापर्यंत गेले आणि त्यांनी दिवा लावला.

माळ्यावर हलकल्लोळ झाला. "कोणी लावला? कोण आहे ते?" बेकरीवाला ओरडला, आणि बटणावर हात ठेवून उभे असलेले निर्भयराव दिसल्यावर त्याचा आवाजच गेला.

"बंद करा तो सिनेमा," निर्भयराव म्हणाले. "मला भीती वाटतेय."

औषधवालीनं हा क्षण महिनाभर मनात घोळवला असणार. पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग स्टुलावर पदरानं तोंड पुसणाऱ्या वहिनींकडे पाहिलं, आणि गुपचूप जाऊन सिनेमा बंद केला. बाईंनी पाण्याचा पेला आणला, तो निर्भयरावांसाठी होता. निर्भयरावांनी तो बायकोच्या हातात दिला.

"असा कसा हो मधेच लावलात दिवा?" ती म्हणाली. आवाज अजून कापत होता, पण राग खरा होता. "शेवट राहिला ना बघायचा! आणि ती खुर्ची?"

"जाऊ दे खुर्ची."

चहा आला, पाव आले, पण जुंपेना. शेवटी बाईंनीच विचारलं, "निर्भयराव, तुमचं काय मत?" आणि निर्भयराव म्हणाले, "मला दातांपलीकडे मत नाही. आजवर जे काय बोललो ते हिचं. सिनेमे ही आधी बघायची, मला सांगायची, मी इथं येऊन जांभया द्यायचो." हे बोलताना त्यांना वाटलं होतं की माळा खाली कोसळेल. तो जागच्या जागी राहिला. बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे 'पुढं नुसती पळापळ' हे वहिनींचं?" वहिनी म्हणाल्या, "मग काय यांचं?" आणि भूत दाखवूच नये म्हणणारा गट लगेच स्टूल ओढून त्यांच्याभोवती बसला. खुर्ची कोणाला द्यायची हा विषय त्या गडबडीत राहूनच गेला.

जिना उतरून दोघं रस्त्याला लागली तेव्हा ऊन अजून कडक होतं. निर्भयराव म्हणाले,

"मला वाटायचं, तुला भीती वाटतच नाही."

"प्रत्येक वेळी वाटायची," ती म्हणाली. "तुम्ही दुकानात, घरात मी एकटी. भर दुपारी सगळे दिवे लावून बघायचे. एकदा तर अर्धा सिनेमा शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून संपवला, आपल्याच घराच्या खिडकीतून बघत."

"मग बघायचीस कशाला?"

"तुम्ही मंडळातून घरी यायचात तेव्हाचं तुमचं तोंड तुम्ही कधी पाहिलंत का? इतक्या वर्षांत दुसऱ्या कशानं तसं झालं नाही." तिनं उन्हासाठी पदर डोक्यावर ओढला. "आणि रात्री तुम्हाला सांगितलं की माझी भीती जायची. घरात एकानं आधी घाबरून घेतलं की दुसऱ्याला सोपं जातं."

"मग आज काय झालं?"

ती चालत राहिली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान गेलं, तेव्हा म्हणाली, "बाकीच्या सगळ्यांत भुतं होती हो. यात काय होतं? नवरा नव्हता. ती हाका मारतेय, आणि तो नाही. भुताचं तुम्हाला सांगता यायचं. हे मी कोणाला सांगणार होते?"

निर्भयराव रस्त्यातच थांबले.

"मला सांग," ते म्हणाले. "आत्ता सांग. पहिल्यापासून."

"तुम्ही होतात की शेजारी. बघितलाय तुम्ही."

"मी कुठं बघत होतो? सांग तू."

मग तिनं सांगायला सुरुवात केली, ती माळा झाडण्यापासून. कोणतं ताट आधी मांडलं, कोणतं नंतर, खोलीचं दार ढकलताना म्हातारीच्या मनात काय आलं असेल, आणि तेव्हा स्वतःच्या मनात काय आलं. घर येईपर्यंत ती बोलत होती, आणि निर्भयराव तिच्या बाजूनं चालत, जन्मात घाबरले नव्हते इतके घाबरून, शब्द न् शब्द ऐकत होते.